सिगारेटच्या पाकिटातून पोस्टाच्या पेटीत : हॉकी कार्डे आणि टपालाने मिळणाऱ्या सह्या यांची पार्श्वभूमी

कॅनडात नुसते 'हॉकी' म्हटले की ते बर्फावरचे हॉकी असते. आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीला तिथे 'फील्ड हॉकी' असे वेगळे नाव घ्यावे लागते. या बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंची छापील कार्डे जमवायची, त्यांतले एखाददुसरे पत्रासोबत त्या खेळाडूकडे पाठवायचे आणि सोबत जोडलेल्या, स्वतःचा पत्ता घातलेल्या व तिकीट लावलेल्या पाकिटातून ते सही होऊन परत येण्याची वाट पाहायची, असा एक छंद कॅनडा आणि अमेरिकेत अनेक दशके चालत आला आहे. छांदिष्टांच्या बोलीत त्याला 'थ्रू द मेल' किंवा नुसते 'टीटीएम' म्हणतात. यातले पाकीट मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. मासिकाकडे कथा-कविता पाठवताना पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडण्याचा दंडक आपल्याकडेही होता. फरक इतकाच, की 'साभार परत' आलेल्या पाकिटाने आपला लेखक खट्टू होत असे आणि इथे पाकीट परत येणे हेच यश मानले जाते.

कार्ड जन्माला आले ते खेळाच्या प्रेमातून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची मऊ कागदी पाकिटे दबू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा तुकडा घालत असत. हा तुकडा कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर नट्या, सैनिक, पक्षी किंवा खेळाडू छापले तर गिऱ्हाईक पुन्हा तोच माल घेते, हे कारखानदारांच्या लवकरच ध्यानात आले. मॉन्ट्रियलच्या इंपीरियल टोबॅको कंपनीने १९१०-११ च्या हंगामात हॉकीपटूंची ३६ रंगीत कार्डे काढली, पुढच्या हंगामात ४५ आणि १९१२-१३ मध्ये ५० कृष्णधवल. आज हे संच अनुक्रमे सी५६, सी५५ आणि सी५७ या खुणांनी ओळखले जातात. या खुणा न्यूयॉर्क राज्यातल्या जेफरसन बर्डिक या संग्राहकाने पुढे काही दशकांनी केलेल्या सूचीतल्या आहेत, त्यामुळे ५६ आधी आणि ५५ नंतर हा उलटा क्रम नव्या माणसाला हमखास गोंधळात पाडतो. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, स्थापन झाली नोव्हेंबर १९१७ मध्ये. तेव्हा या कार्डांवरचे खेळाडू त्याआधीच्या नॅशनल हॉकी असोसिएशनमधले आहेत. त्यांतच जॉर्ज व्हेझिना हा गोलरक्षक आहे, जो १९२६ मध्ये क्षयाने गेला आणि ज्याच्या नावाचा करंडक आजही हंगामातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला दिला जातो. दीड इंच रुंदीच्या त्या पुठ्ठ्यावरचा त्याचा चेहरा मुळात तंबाखूची विक्री वाढावी म्हणून छापलेला होता, हे विसरता येत नाही.

त्यानंतर सुमारे दहा वर्षे कार्डांचा जवळपास खंडच पडला. १९२० च्या दशकात ती परत आली ती मिठाईवाल्यांच्या हातून, आणि त्यामुळे गिऱ्हाईक बदलले : बापाच्या खिशातले कार्ड मुलाच्या खिशात गेले. मिठाईवाल्यांची एक युक्ती मात्र मुलांच्या जिव्हारी लागणारी होती. मॉन्ट्रियलच्या मेपल क्रिस्पेट कंपनीने १९२४-२५ मध्ये ३० कार्डांचा संच काढला आणि तो पूर्ण करणाऱ्याला स्केट्सची जोडी देऊ केली. परंतु पंधराव्या क्रमांकाचे, स्प्रेग क्लेगहॉर्न या खेळाडूचे कार्ड मुद्दामच इतके कमी छापले, की आज ते जवळपास सापडतच नाही. कोणत्या मुलाने त्या क्लेगहॉर्नपायी किती गोळ्या खाल्ल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

टपालाचा खरा प्रवेश होतो तो १९३४ मध्ये, आणि तोही पाकाच्या डब्यातून. ओंटारिओ सरोवराच्या काठी पोर्ट क्रेडिट या गावी सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा कारखाना होता. (हे गाव आता मिसिसॉगा शहरात सामावलेले आहे, आणि तिथे आज मराठी कुटुंबेही राहतात.) कंपनीचा 'बी हाइव्ह' नावाचा मक्याचा पाक घरोघर पावाला लावून खाल्ला जात असे. या डब्यावरची कागदी पट्टी काढून कंपनीकडे पाठवली, सोबत हव्या त्या खेळाडूचे नाव लिहिले, की त्याचे कृष्णधवल छायाचित्र टपालाने घरी येत असे. मंदीच्या दिवसांत ज्या घरात खेळाच्या तिकिटाला पैसे नव्हते, तिथेही पाक लागत होता आणि पट्टी फुकट होती. ही योजना १९६७ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे चालली. या काळात छायाचित्रे मागणीप्रमाणे धाडली जात असल्याने नामांकित खेळाडूंची चित्रे आजही मुबलक मिळतात, तर दोनचार सामने खेळून परत गेलेल्या, कुणाच्याच लक्षात न राहिलेल्या खेळाडूचे चित्र दुर्मीळ आणि महाग असते. सिगारेटच्या कार्डात काय निघेल ते नशिबावर होते. इथे मुलाला आपला खेळाडू निवडून, त्याचे नाव नीट लिहून, पत्ता घालून वाट पाहावी लागत होती. माझ्या मते टपालाने सही मागवण्याची सवय कॅनडातल्या मुलांच्या हाताला लागली ती या पाकाच्या डब्यांमुळे. कार्डांचा इतिहास आणि सह्यांचा इतिहास वेगवेगळे सांगण्याची जी पद्धत आहे, ती मला म्हणूनच पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि कार्डे पुन्हा थांबली. बी हाइव्हची छायाचित्रे चालूच होती, पण च्युइंग गमच्या पाकिटातले कार्ड परतले ते थेट १९५१-५२ मध्ये, पार्कहर्स्ट कंपनीच्या १०५ लहानशा कार्डांच्या रूपाने. या खंडामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. मॉरिस रिशार १९४२ पासून आणि गॉर्डी हाउ १९४६ पासून एनएचएलमध्ये खेळत होते, तरी दोघांचे 'पदार्पणाचे कार्ड' म्हणून जे मानले जाते ते १९५१-५२ चे आहे, म्हणजे दोघेही तोवर मुरलेले खेळाडू झाले होते. पार्कहर्स्टने पुढच्याच हंगामातल्या कार्डांवर खेळाडूंच्या सह्यांचे ठसे छापले. ठसा तो ठसाच. पण आपल्या आवडत्या खेळाडूची सही दिसते कशी हे मुलांना त्यातून कळले आणि तशीच, पण खऱ्या शाईची सही आपल्याकडे असावी असे वाटू लागले असेल, तर त्यात नवल नाही.

त्या काळी एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते आणि खेळाडूंचे उत्पन्न बेताचेच होते. कित्येक जण उन्हाळ्यात दुसरी नोकरी करीत. पत्र पाठवायला घरचा पत्ता लागत नसे. खेळाडूचे नाव आणि खाली 'मेपल लीफ गार्डन्स, टोरांटो' किंवा 'फोरम, मॉन्ट्रियल' असे संघाच्या क्रीडागृहाचे नाव लिहिले की काम होई. पत्रांना उत्तर देणाऱ्यांत मॉन्ट्रियल कनेडियन्स संघाचे ज्याँ बेलिव्हो यांचे नाव आदराने घेतले जाते. १९७१ मध्ये निवृत्त झाल्यावर पुढे वर्षानुवर्षे कनेडियन्स क्लबच्या कार्यालयात काम करतानाही ते चाहत्यांची पत्रे स्वतः हाताळत, आणि प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी पूर्ण सही करीत. आजच्या खेळाडूंची एक वेलांटी, एक रेघ आणि पाठीवरचा क्रमांक अशी सही पाहिली, की जुन्या पिढीचे वळणदार अक्षर उठून दिसते. अर्थात दिवसाला शेकडो सह्या कराव्या लागणाऱ्या माणसाला नावे ठेवणे सोपे आहे.

कार्डे मोलाची ठरू लागली आणि या व्यवहाराची नीती बदलली. ओंटारिओतल्या लंडन शहरातली ओ-पी-ची ही कंपनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीशी जोडून घेऊन कॅनडासाठी हॉकी कार्डे काढीत असे. १९७९-८० च्या तिच्या ३९६ कार्डांच्या संचातले अठरावे कार्ड वेन ग्रेट्स्की या हॉकीतल्या सर्वांत गाजलेल्या खेळाडूचे, त्याच्या पदार्पणाचे आहे. ते हातात घेतले तर आधी नजरेत भरते ती निळी चौकट आणि मग तिची फिसकारलेली कड. ओ-पी-चीच्या कारखान्यात पुठ्ठा तारेने कापत, त्यामुळे कडा खरखरीत निघत. चित्र चौकटीत मध्यभागी बसलेलेही क्वचितच असे, आणि निळ्या रंगावर कोपऱ्यातला पांढरा टवका लांबूनही दिसतो. मागच्या बाजूला मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आहे. त्याच वर्षीच्या टॉप्सच्या कार्डावर फ्रेंच नाही. या सगळ्या दोषांतून निर्दोष सुटलेली प्रत विरळाच, म्हणून प्रतवारी करणाऱ्या पीएसए या संस्थेने दहापैकी दहा दिलेली अशी एक प्रत २०२० मध्ये १२ लाख ९० हजार डॉलरला आणि २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. ज्या वस्तूची किंमत मुळात गमच्या चार पैशांत धरलेली होती, तिची ही गत झाली.

१९९०-९१ मध्ये अपर डेक, स्कोर, प्रो सेट अशा कंपन्या हॉकीत उतरल्या आणि कार्डे इतकी छापली गेली, की त्या वर्षांतली बहुतेक आज कुणी फुकटही घेत नाही. टपालाने सही मागवणाऱ्यांचे मात्र यात भले झाले : ज्याला काही मोल नाही असे कार्ड पोस्टात हरवले तरी दुःख नसते. पुढे १९९४-९५ मध्ये अपर डेकच्या 'बी अ प्लेअर' संचात प्रत्येक पाकिटागणिक एक सही केलेले कार्ड आले. सही आता दुकानात, कंपनीच्या हमीसह विकत मिळू लागली. याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे आपण फुकट केलेल्या सह्या बाजारात विकल्या जातात हे खेळाडूंच्या ध्यानात आले. त्यावर काहींनी सहीआधी पत्रलेखकाचे नाव घालायला सुरुवात केली, कारण 'अमक्यास' असे लिहिलेले कार्ड तमक्याला विकायला जड जाते; काहींनी एखाद्या धर्मादाय निधीसाठी देणगी मागितली; काहींनी उत्तर देणेच सोडले. दुसरे म्हणजे टपालाने आलेल्या सहीला कुठलेच प्रमाणपत्र नसल्याने ती खरी की खोटी हा प्रश्न संग्राहकाला स्वतःच सोडवावा लागू लागला. यंत्राने केलेल्या दोन सह्या एकीवर एक ठेवल्या तर तंतोतंत जुळतात. जिवंत हाताच्या कधीच जुळत नाहीत. रबरी शिक्क्याची शाई सगळीकडे सारखी बसते. घरच्यांनी किंवा क्लबातल्या कुणी केलेली सही ओळखणे याहून अवघड, आणि त्याला जुन्या सह्यांशी ताडून पाहण्यावाचून उपाय नाही.

या कामाची एक रीत हळूहळू ठरत गेली आहे. पत्र हाताने लिहिलेले, एका पानाचे. त्यात खेळाडूचा एखादा ठरावीक सामना किंवा गोल आठवणीने लिहिलेला. कार्डे दोन, फार तर तीन. कार्ड प्लास्टिकच्या पातळ खोळीत घालून पुठ्ठ्याला टेकवायचे. अलीकडच्या चकचकीत कार्डांवर शाई थेंब थेंब होऊन फाटते, म्हणून त्यावर लहान मुलांची पावडर हलकेच चोळून तो तुळतुळीतपणा आधी घालवतात. सही करायला निळे शार्पी (न पुसणाऱ्या शाईचे) पेन सर्वांत बरे, असा बहुतेकांचा कौल आहे. परतीचे पाकीट घडी घालून आत ठेवायचे. मग काही आठवडे जातात, कधी काही महिने, कधी वर्षेही, आणि एके दिवशी पोस्टाच्या पेटीत स्वतःच्याच अक्षरातला स्वतःचा पत्ता दिसतो. पाकीट फोडण्याआधी माणूस तिकिटावरचा शिक्का पाहतो, कारण तो खेळाडूच्या गावचा असेल तर निदान पाकीट तिथवर पोचले होते हे कळते. प्रमाणपत्र नसलेल्या सहीचा तेवढाच काय तो दाखला, म्हणून जुने संग्राहक पाकिटेही जपून ठेवतात. निवृत्त खेळाडूंच्या घरच्या पत्त्यांच्या याद्या हाती फिरतात, ही या छंदाची मला न आवडणारी बाजू आहे. संघाच्या कार्यालयाचा पत्ता असताना कुणाच्या दारात जायचे कारण नाही.

परतीच्या तिकिटाचा प्रश्न मात्र या छंदाच्या मुळाशी आहे. लीग दोन देशांत पसरलेली असल्याने टोरांटोच्या मुलाने शिकागोला पत्र धाडले तर परतीच्या पाकिटावर अमेरिकी तिकीट हवे, आणि बॉस्टनच्या मुलाने मॉन्ट्रियलला धाडले तर कॅनडाचे. स्वीडन किंवा चेकियातल्या खेळाडूसाठी तर आणखी खटपट. त्यावर जुना तोडगा होता आंतरराष्ट्रीय उत्तर कूपनाचा. जागतिक टपाल संघटनेच्या १९०६ च्या रोम अधिवेशनात ही सोय ठरली : एका देशात कूपन विकत घ्यायचे आणि दुसऱ्या देशात ते देऊन तिथले तिकीट मिळवायचे. (याच कुपनांच्या दरांतल्या फरकावर नफा कमावतो असे सांगून चार्ल्स पाँझीने १९२० मध्ये बॉस्टनकरांना गंडवले.) ब्रिटनच्या टपाल खात्याने २०११ अखेर आणि अमेरिकेच्या खात्याने जानेवारी २०१३ मध्ये कुपनांची विक्री थांबवली, तेव्हापासून संग्राहक एकमेकांना दुसऱ्या देशाची तिकिटे पाठवून गरज भागवतात.

दुसरी अडचण दरवाढीची. आज लावलेले तिकीट उत्तर येईपर्यंत अपुरे ठरले तर पाकीट मध्येच अडकते. कॅनडाने २००६ मध्ये आणि अमेरिकेने २००७ मध्ये किमतीचा आकडा न छापलेली, दर वाढला तरी चालणारी तिकिटे काढली तेव्हा ही धास्ती गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन हॉकीच्या हंगामात, कॅनडा पोस्टचे सुमारे ५५ हजार कर्मचारी संपावर गेले आणि १७ डिसेंबरला कामावर परतले; त्या महिनाभरात गेलेली-येणारी पाकिटे जिथल्या तिथे पडून राहिली. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये पुस्तिकेतले एक तिकीट ९९ सेंटांवरून १ डॉलर २४ सेंटांवर गेले, म्हणजे जायचे आणि यायचे मिळून एका सहीमागे जवळपास अडीच डॉलर. ज्यांनी आधीच आकडा नसलेली तिकिटे लावून पाकिटे धाडली होती, त्यांची परतीची पाकिटे तेवढी जुन्याच दरात घरी येत राहिली.