मेलाटोनिन: बेडकाच्या कातडीपासून झोपेच्या गोळीपर्यंत

निद्रानाशावर आज सर्रास घेतले जाणारे मेलाटोनिन सापडले ते कातडीच्या रंगाचे कोडे सोडवताना. १९१७ साली मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी गाईच्या मेंदूतल्या पिनियल या छोट्या ग्रंथीचा अर्क बेडूकमाशांना दिला, तर त्यांची कातडी फिकट झाली. पुढे येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना कोडावर उपयोगी पडेल असे काही या अर्कात मिळेल, अशी आशा वाटली. गुरांच्या हजारो ग्रंथी पिंजून १९५८ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला. कोड काही गेले नाही, नाव मात्र कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनची आठवण ठेवून राहिले.

शरीरात हे संप्रेरक अंधार पडला की पाझरू लागते आणि प्रखर उजेडात थांबते. माणसातही तसेच घडते, हे १९८० मध्ये दिसून आले. थोडक्यात, ते गुंगी आणण्यापेक्षा ‘रात्र झाली’ अशी वर्दी देते. विमानप्रवासात घड्याळ उलटेपालटे झाले की ते उपयोगी पडते, त्याचे कारण हेच.

१९९४ हे वर्ष कलाटणीचे. एमआयटीतील रिचर्ड वुर्टमन यांच्या गटाने धडधाकट तरुणांना भरदुपारी ०.१ ते १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले. अगदी कमी मात्रेनेही डोळा लवकर लागला. (हे तरुण निद्रानाशाचे रुग्ण नव्हते, हे उत्साहाच्या भरात मागे पडले.) त्याच वर्षी अमेरिकेत आहाराला पूरक पदार्थांचा नवा कायदा आला, मेलाटोनिनही त्यातच मोडले आणि विक्रीआधी गुण सिद्ध करून दाखवण्याची गरज उरली नाही. बाजारात मग ३, ५, १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आल्या. युरोपने वेगळी वाट धरली: २००७ मध्ये २ मिलिग्रॅमची, सावकाश विरघळणारी गोळी औषध म्हणून, पंचावन्नच्या पुढच्यांसाठी मंजूर झाली.

गुण किती? २०१३ मध्ये १९ चाचण्यांचा, १,६८३ जणांचा एकत्रित हिशोब मांडला गेला. झोप लागायला सुमारे ७ मिनिटे कमी लागली, एकूण झोप ८ मिनिटांनी वाढली. परिणाम खरा, पण रात्रभर तळमळणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. २०१७ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने प्रौढांच्या निद्रानाशावर ते वापरू नये असे सुचवले. पुरावा तोकडा असल्याने तेही सौम्य शब्दांत.

त्याच वर्षी कॅनडात ३१ उत्पादने तपासली गेली. मेलाटोनिन छापील प्रमाणापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत निघाले आणि आठांत चक्क सेरोटोनिन हे मेंदूत निरोप पोहोचवणारे वेगळेच रसायन. चाचण्यांतली ती सात मिनिटे मोजून-मापून दिलेल्या मात्रेची होती.