पोह्यांची नऊ पाकिटं आणि चार ग्रॅम

अर्ध्या किलोचं पोह्यांचं पाकीट सहज काट्यावर ठेवलं, तर भरलं 487. तेरा ग्रॅम कमी! नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात निकाल लगेच लागला, 'मापात मारतात.'

पण एका पाकिटावरून असं म्हणता येत नाही. भरताना थोडं कमीजास्त होतंच, कायदाही ते मान्य करतो. 500 ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंतची तूट चालते, सगळ्या मालाची सरासरी मात्र 500 च्या खाली जाता कामा नये. म्हणजे बघायची ती सरासरी.

मग इमारतीतल्या शेजाऱ्यांकडून त्याच बॅचची नऊ न फोडलेली पाकिटं गोळा केली. शंका आली ते पाकीट मुद्दाम बाजूला ठेवलं. ज्याच्यावरून संशय घेतला तेच साक्षीला घेणं बरोबर नव्हे. रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून आकडे आले: 504, 488, 503, 489, 501, 491, 498, 494, 496. एकही पाकीट 15 ग्रॅमने कमी नाही, पण सरासरी 496.

ही चार ग्रॅमची तूट खरी, की नऊ पाकिटं निवडण्यातला योगायोग? आकड्यांचा विखुरलेपणा, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे 6 ग्रॅम. सरासरी मात्र एकेकट्या पाकिटाइतकी हलत नाही, कारण जड-हलकी पाकिटं एकमेकांना सावरून घेतात. 6 ला नऊच्या वर्गमुळाने, 3 ने, भागलं की सरासरीची चूक 2 ग्रॅम. आपली तूट 4, म्हणजे त्याच्या दुप्पट.

एवढ्या थोड्या नमुन्यावर किती भरवसा ठेवायचा, हे गणित डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलं. त्यांच्या हिशेबाने, खरी सरासरी 500 असती तर इतकी किंवा याहून जास्त तूट शंभरातून साधारण चारच वेळा दिसली असती. शंभरात पाचाच्या आत आलं की 'सरासरी 500 आहे' हा दावा नाकारायचा, असा रूढ संकेत. चारच पाकिटं घेऊन हीच सरासरी आणि हाच विखुरलेपणा आला असता, तर मला गप्प बसावं लागलं असतं.

काटाच चार ग्रॅम कमी दाखवत असेल तर? मग नव्वद पाकिटं मोजूनही चूक तशीच राहील. म्हणून वाण्याकडून शिक्का मारलेलं अर्ध्या किलोचं वजन आणून काट्यावर ठेवलं. बरोबर 500 आलं.