फी वेगळी, खात्यात दाखवायची रक्कम वेगळी

"जर्मनीची फी बारा हजार युरो आहे म्हणे," असं खानापूर-निपाणीकडच्या घरांतून हमखास ऐकू येतं. ती फी नव्हे. ११,९०४ युरो ही विद्यार्थी-व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवायची रक्कम. मूल तिकडं पोचलं की त्यातले दरमहा ९९२ युरो त्याच्याच हातात येतात, खोलीभाड्याला आणि जेवणाखाण्याला. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीच. तो खर्च तिथली राज्यं उचलतात. अपवाद मात्र आधी तपासा: बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानं २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले.

इंग्लंडचं गणित उलटं. तिथल्या मुलांची पदवीची फी सरकारनं बांधून दिलेली: २०१७ पासून वर्षाला ९,२५० पौंड, २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५. महागाई वाढली, फी फारशी हलली नाही. परदेशी मुलांच्या फीला मात्र मर्यादा नाही, म्हणून तूट त्यांच्याकडून भरून निघते. ही फी विद्यापीठाची कमाई. तिच्याशिवाय लंडनबाहेर राहणाऱ्यानं नऊ महिन्यांचे, दरमहा १,१७१ प्रमाणे १०,५३९ पौंड खात्यात दाखवायचे. ते कुणाला द्यायचे नसतात.

आपल्याकडं इंग्लंडच्या व्हिसाचे अर्ज अडतात ते याच रकमेवर. सलग २८ दिवस शिल्लक एकदाही खाली जाता कामा नये, आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाआधीच्या ३१ दिवसांतला हवा. मध्येच खतासाठी पैसे काढले आणि शिल्लक कमी पडली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रुपया घसरू शकतो, म्हणून थोडी जादा ठेवा. जमिनीचा उतारा किंवा सोनं चालत नाही. सोसायटीतल्या ठेवीवरही विसंबू नका. नियामकाच्या देखरेखीखालची, पडताळणीला उत्तर देणारी संस्था लागते. ठेव मोडून, ऊसबिल आलं असेल तर तेही, महिनाभर आधीच राष्ट्रीयीकृत बँकेत आणा. खातं वडिलांचं असेल तर मुलाचा जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र जोडा. दाखला फक्त कन्नडात असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही.

शैक्षणिक कर्ज मागताना फी आणि राहणीखर्च बँकेला वेगवेगळे लिहून द्या. जर्मनीसाठी राहणीखर्चच मोठा, आणि तो व्हिसाआधी एकरकमी लागतो. बँक तो सेमिस्टरच्या हप्त्यांनी देणार असेल, तर ब्लॉक्ड अकाउंट वेळेत भरत नाही. हे मंजुरीपत्र हातात पडण्याआधी, अर्ज देतानाच बोलून घ्या.