दोन खडे, एक रिपोर्ट

लॅबच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉल आणि युरिक ॲसिड दोन्ही ठळक अक्षरांत आले की घरात एकच प्रश्न निघतो: हार्टचं काही नाही ना? गंमत अशी, की या दोन्ही पदार्थांचा शोध हृदयात किंवा रक्तात लागलेलाच नाही. दोन्ही सापडले खड्यांत.

१७७६ साली स्वीडनमध्ये कार्ल शीलला मूतखड्यात युरिक ॲसिड सापडलं. कोलेस्टेरॉल पित्तखड्यातलं. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक भाषेतल्या ‘पित्त’ आणि ‘घट्ट’ या शब्दांवरून त्याचं बारसं केलं.

आधी युरिक ॲसिडचं रक्तातलं प्रकरण पाहू. लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये गाउटच्या, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साचून होणाऱ्या दुखण्याच्या, रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं असतं हे दाखवलं. त्यांची पुढची चाचणी तर स्वयंपाकघरातली वाटावी: बशीत रक्ताचा निवळ, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड आणि एक दोरा. दीड-दोन दिवसांत दोऱ्यावर खडीसाखरेसारखे स्फटिक धरायचे.

कोलेस्टेरॉलवर पहिला मोठा आरोप झाला तो सशांमुळे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला अनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलातून सशांना कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या धमन्यांत थर साचले. ससा तर शाकाहारी, त्यावरून माणसाचं काय सांगणार, हा आक्षेप रास्तच होता. माणसांचा पुरावा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाने दिला. तिथे १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब जास्त असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, हे १९६१ पर्यंत स्पष्ट झालं.

एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वेगळं काढायला मात्र प्रचंड वेगाने फिरणारं महागडं यंत्र लागे. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला साध्या वजाबाकीची पळवाट काढली: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीचा) पाचवा हिस्सा वजा करायचा. एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५० असेल, तर एलडीएल १४०. म्हणजे अनेक रिपोर्टांतला एलडीएल मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित कोलमडतं.

आरोप सिद्ध झाला तो औषधाने. जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, मिळालं होतं. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले.

युरिक ॲसिडचं प्रकरण इथवर पोचलंच नाही. वजन, रक्तदाब, किडनीची कुरबुर, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अशा संगतीत ते वाढलेलं दिसतं. पण फ्रेमिंगहॅमच्याच १९९९ च्या विश्लेषणात ही संगत हिशेबात धरल्यावर त्याचा स्वतंत्र दोष उरला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गाउट नसलेल्या ५,७०० हून अधिक हृदयरुग्णांवरच्या चाचणीतही युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉलने हार्ट अटॅक किंवा पक्षाघात टळले नाहीत. सांधे आणि मूतखडे यांच्या बाबतीत मात्र युरिक ॲसिड आजही गुन्हेगारच.

तरी आपल्याकडे हा आकडा वाढला की पहिली गदा येते तुरीच्या वरणावर. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांना बारा वर्षं तपासून २००४ मध्ये निष्कर्ष आला: गाउट वाढला तो मांस, मासे आणि बिअर जास्त घेणाऱ्यांत. डाळी, पालक, मशरूम खाणाऱ्यांत नाही.