पुनर्वापरक्षम पुठ्ठा-संवेष्टन

वस्तू ग्राहकाच्या हाती सुखरूप पोहोचवण्याचे काम संपल्यावर त्याच खोक्यापासून ग्राहकाला स्वतःच्या हाताने दुसरी उपयोगी किंवा शोभेची वस्तू करता यावी, अशी सोय ज्याच्या आराखड्यातच केलेली असते, त्या पुठ्ठ्याच्या संवेष्टनाला (पॅकेजिंगला) ही संज्ञा लावतात. रिकाम्या खोक्यात जुनी वह्या-पुस्तके भरून ते माळ्यावर टाकणे हा घरोघरी चालणारा पुनर्वापर या संज्ञेत येत नाही. तेथे कल्पकता ग्राहकाची असते, खोके आखणाऱ्याची नव्हे. काही लेखक हा भेद मानत नाहीत. तो न मानल्यास मात्र या विषयाला स्वतंत्र नोंद देण्याचे कारणच उरत नाही.

‘पुठ्ठा’ हा शब्द बहुधा संस्कृत ‘पृष्ठ’ या शब्दावरून आला असावा. पुस्तकाची पाठ झाकणारे जाड आवरण हा त्याचा जुना अर्थ असून कागदाचे थर खळीने चिकटवून केलेला जाड कागद हा अर्थ त्यातूनच पुढे आलेला दिसतो. व्यवसायात ज्याला कॉरुगेटेड पुठ्ठा म्हणतात, तो नालीदार पुठ्ठा, म्हणजे सपाट कागदांमध्ये लाटांसारख्या नाळ्या पाडलेला कागद चिकटवून केलेला पुठ्ठा, हे याहून वेगळे द्रव्य आहे.

पुठ्ठ्याचे पहिले खोके कोणी केले याविषयी एकमत नाही. १८१७ मध्ये इंग्लंडमधील ट्रेव्हर्टन या पेढीने ते केले, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. त्याच वर्षीच्या एका जर्मन बैठ्या खेळाच्या खोक्यालाही हा मान दिला जातो. ही दोन्ही खोकी चिकटवून उभी केलेली, म्हणजे घडी न होणारी असावीत. त्यामुळे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ब्रुकलिन येथील कागदी पिशव्यांचे उत्पादक रॉबर्ट गेअर यांचा शोध अधिक महत्त्वाचा ठरतो. पिशव्यांवर घडी पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकल्यामुळे पिशव्या कापल्या गेल्या आणि कापणे व घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात होऊ शकतात हे त्यांच्या लक्षात आले, अशी हकीकत सांगतात. तिचा काळ सामान्यतः १८७९ मानला जातो. काही लेखक तो सुमारे दहा वर्षे पुढे नेतात. सपाट तक्त्यावर आधीच पाडलेली घडी आणि काप हाच पुढील सर्व पुनर्वापरक्षम आराखड्यांचा पाया आहे. नालीदार कागदाचे पहिले एकस्व (पेटंट) १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांना मिळाले, ते उंच टोप्यांच्या आतील अस्तरासाठी. काचेच्या वस्तू गुंडाळण्यासाठी त्याचा वापर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांच्या १८७१ च्या एकस्वापासून सुरू झाला, तर नाळ्यांना कागदाचे अस्तर लावण्याची सुधारणा १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी केली.

हेतुपूर्वक आखलेल्या पुनर्वापराची सुरुवातही वादग्रस्त आहे. अमेरिकेत १९२०–४० च्या सुमारास पिठाच्या गिरण्या पोत्यांसाठी नक्षीदार कापड वापरू लागल्या, कारण गृहिणी त्या कापडाचे कपडे शिवत. हाइनेकेन या बिअर बनवणाऱ्या कंपनीने १९६३ मध्ये वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांच्याकडून विटेसारखी रचता येणारी काचेची बाटली आखून घेतली. या दोन्ही उदाहरणांत पुठ्ठा नाही. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून उत्पन्नाची अट न ठेवता सर्वच मातांना बाळंतविड्याची पुठ्ठ्याची पेटी मिळू लागली. तिच्यातील कपडे काढून तळाशी गादी अंथरली की ती बाळाची पहिली खाट होते. खोक्याचे दुसरे आयुष्य इतक्या जपणुकीने आखल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. तरीही न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांवर पाठीमागे छापलेले, कापून चेहऱ्यावर बांधायचे मुखवटे हेच या प्रकाराचे थेट पूर्वज मानणे अधिक योग्य वाटते, कारण तेथे कापण्याची रेघ आणि कृती दोन्ही खोक्यावरच छापलेली असत. हे मुखवटे साधारणपणे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात रूढ झाले.

रचनेच्या दृष्टीने पुठ्ठ्याची जात प्रथम ठरवावी लागते. दोन सपाट कागद आणि त्यांमध्ये स्टार्चच्या खळीने चिकटवलेला नालीदार कागद मिळून तीन प्लायचा पुठ्ठा होतो. पाच प्लायमध्ये नालीदार थर दोन असतात. नाळीची उंची ब्रॉड (ए) प्रकारात सुमारे ४.७ मिमी., मीडियम (सी) प्रकारात ३.६ मिमी., नॅरो (बी) प्रकारात २.५ मिमी. आणि मायक्रो (ई) प्रकारात १.५ मिमी. असते. धक्का सोसण्यास ब्रॉड चांगला असतो. घरच्या कात्रीने किंवा कटरने स्वच्छ कापण्यास मात्र नॅरो आणि मायक्रो हेच योग्य होत. खोक्याच्या भिंतीत नाळ्या उभ्या ठेवतात, कारण वरचे वजन त्याच पेलतात. घडीची रेघ नाळ्यांना समांतर घेतली तर पुठ्ठा आपोआप वळतो आणि आडवी घेतली तर चुरगळतो. म्हणून खोक्याच्या भिंतीतून गोल आकाशकंदील काढायचा असेल, तर कंदिलाचा अक्ष खोक्याच्या उंचीच्या दिशेनेच धरावा लागतो. एकमेकांत अडकवायच्या तुकड्यांच्या खाचा पुठ्ठ्याच्या जाडीइतक्याच रुंद हव्यात. तीन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याला चार मिलिमीटरची खाच ठेवली, की जोड पहिल्याच दिवशी डुलू लागतो.

हाताने फाडण्यासाठी पाडलेली छिद्ररेषा खोक्याची ताकद कमी करते. वरच्या वजनाचा मोठा हिस्सा उभ्या कोपऱ्यांवर येत असल्याने त्यांच्यालगत ती कधीच घेऊ नये. झडपांवर किंवा भिंतीच्या मध्यभागी घ्यावी. बाजूचा जोड तारेच्या पिनांऐवजी खळीने केलेला बरा, कारण समुद्रकाठच्या हवेत पिना गंजतात आणि मुलांच्या बोटांना लागतात. कृतीची चित्रे खोक्याच्या आतील बाजूस एकाच रंगात छापली, तर बाहेरील व्यापारी मजकुराला बाध येत नाही.

गोव्यात आराखड्याची खरी कसोटी पावसाळा घेतो. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता ८५–९० टक्क्यांच्या घरात असते, तर पुठ्ठ्याची चाचणी ५० टक्के आर्द्रतेला करतात. ९० टक्क्यांना खोक्याची दाब सोसण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. मे महिन्यात खाटेखाली सरकवलेले खोके जुलैअखेर बाहेर काढले, तर त्याच्या भिंतीवर आतल्या नाळ्यांच्या रेघा उमटलेल्या दिसतात, कोपरा बोटाने दाबताच आत जातो, जोडाची खळ सुटलेली असते आणि तळाला करड्या बुरशीचे ठिपके असतात. खळीमुळे कसर आणि वाळवीही लागते. यासाठी दुसरी वस्तू सपाट घडी होणारी आणि भिंतीपासून दूर टांगून ठेवता येणारी असावी. याच कारणाने फिनलंडच्या पेटीची कल्पना येथे जशीच्या तशी उचलता येणार नाही.

अलीकडच्या उदाहरणांत सॅमसंगने २०२० मध्ये काही दूरचित्रवाणी संचांच्या खोक्यांवर छापलेली ठिपक्यांची जाळी विशेष उल्लेखनीय आहे. ठिपके धरून कापले की मांजराचे घर किंवा मासिके ठेवण्याची मांडणी तयार होते. रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे येथेही आकृती कोणती काढायची हे करणाऱ्यावर सोडलेले असते आणि या पद्धतीचे मर्म त्यातच आहे. भारतात ‘आरंभ’ या संस्थेने २०१४ च्या सुमारास टाकाऊ खोक्यांपासून शाळकरी मुलांसाठी दप्तर म्हणूनही वापरता येणारे बैठे मेज केले. तेथे घडीची आखणी उत्तम असली, तरी ती मूळ संवेष्टकाची नसल्याने हे उदाहरण वरील व्याख्येच्या सीमेवर राहते.

गोव्यातील सणांच्या क्रमाशी या विषयाचा जवळचा संबंध आहे. सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आल्याने चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) मखरासाठी पुठ्ठ्याला महत्त्व आले. चवथ पावसातच येते. म्हणून मखराचे खांब पाच प्लायचे, नाळ्या उभ्या ठेवून केलेले हवेत आणि समई-निरांजनापासून त्यांचे अंतर राखावे लागते. दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते. नरकासुराच्या पुतळ्याचा मुकुट, ढाल आणि शस्त्रे मोठ्या खोक्यांतून निघतात, आकाशकंदील लहान खोक्यांतून आणि नाताळात ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातील गोठ्याच्या भिंती व छप्परही पुठ्ठ्याचे होते. फेणी आणि वाइनच्या बारा बाटल्यांच्या खोक्यातील आडव्या-उभ्या पट्ट्यांचे कप्पे खाचांनी आधीच जुळवलेले असतात, त्यामुळे ते न कापताही दुसऱ्या कामास येतात. पर्यटक नेतात त्या काजूच्या आणि बेबिंका या मिठाईच्या खोक्यांत असा विचार व्हायला भरपूर वाव आहे. मानकुराद आंबा मात्र बहुधा डझनावर, टोपलीतूनच विकला जातो.

अशा आराखड्याने कचरा खरोखर कमी होतो का, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार खोक्याचे आयुष्य वाढते. दुसऱ्या मतानुसार जादा छपाई आणि जाड पुठ्ठा यांमुळे तो लाभ नाहीसा होतो. दुसऱ्या उपयोगासाठी पुठ्ठ्याचे वजन मुळीच न वाढवता केवळ घडी, काप आणि आतील छपाई यांतच बदल केल्यास हा आक्षेप बराचसा गळून पडतो. कोरड्या पुठ्ठ्यातील तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा कागदात वापरता येतात. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन, चमकी आणि तैलरंग मात्र त्यात अडथळा आणतात. नरकासुर नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळला जातो, त्यामुळे लॅमिनेशनचे खोके त्याच्यासाठी मुळीच वापरू नये. मखर तसे नसते. विसर्जनानंतर ते उलगडून उन्हात वाळवावे, धड तुकडे पुढच्या वर्षासाठी बाजूला काढावेत आणि उरलेले भिजण्यापूर्वी भंगारवाल्याला द्यावेत.