मलम, पिस्तुलं आणि सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा चहाच्या टपरीवर उन्हाविषयी दुमत नसतं. पण परवा कुणीतरी 'हवामानबदल' म्हणालं आणि आमच्यातला सांगोल्याकडचा डाळिंबवाला उसळला, "काय लावलंय बे, ही सगळी तुमच्या पक्षाची नाटकं!" गेल्या साली अवकाळीनं बागेवर तेल्या रोग आला म्हणून हाच गडी हळहळत होता.

अशा वेळी 'माहिती कमी पडते' असं म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेतले संशोधक डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासून पाहिलं. त्यांनी लोकांना एका मलमाचे आकडे दिले: मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांत १०७ आणि २१. मलम गुणकारी का? २२३ पाहून बहुतेक जण 'हो' म्हणतात. टक्केवारी काढा: मलमवाले शंभरात ७५ बरे, बिनमलमवाले ८४! गणितात तरबेज असलेल्यांना हे जास्त जमलं.

मग तेच आकडे ठेवून नावं बदलली: मलमाच्या जागी लपवून पिस्तूल बाळगण्यावरची बंदी, पुरळाच्या जागी गुन्हेगारी. आता हुशारांचीही गंमत झाली. उत्तर आपल्या पक्षाच्या सोयीचं असेल तेव्हा हिशेब बरोबर, गैरसोयीचं असेल तेव्हा पहिल्या नजरेला दिसलं तेच खरं. दोन पक्षांतली दरी सर्वांत रुंद होती ती आकडेमोडीत पक्क्या लोकांमध्ये. आपला तो बाळ्या!

हवामानाबाबत कहान यांना २०१२ मध्ये हेच आढळलं होतं: विज्ञानाची जाण वाढली तशी दोन गटांमधली फूटही वाढली. मला यात वेडेपणा दिसत नाही. माझ्या एका मतानं वातावरणातला कार्बन डायऑक्साइड रेसभरही हलत नाही. आपल्या माणसांविरुद्ध बोललो तर मात्र टपरीवरची जागा जाते.

हे पक्षांचे शिक्के जन्मजात नाहीत. १९८८ साली अमेरिकेत थोरल्या जॉर्ज बुश यांनी अध्यक्षपदाच्या प्रचारात हरितगृह परिणामाशी, म्हणजे तापमानवाढीशी, लढायचं आश्वासन दिलं होतं, तेही आज हवामानबदलावर शंका घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार म्हणून.

दोन दिवसांनी मी डाळिंबवाल्याला नुसतं विचारलं, "यंदा बहराचं काय, मालक?" तो वीस मिनिटं बोलला. पाऊस किती सरकला, तेल्या कुठल्या आठवड्यात उतरला, सगळं तारखांसकट.