रायवळ आंब्यावरचं बिऱ्हाड

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आठवडाभर गावातले डोमकावळे रोज सकाळी एकाच दिशेला धावत होते. त्यांच्या मागे नजर नेली, तर डोंगरउतारावरच्या जुन्या रायवळ आंब्यावर एक मोठा पांढरा पक्षी उतरत होता आणि त्याच्या पायांत हातभर लांब वाळकी फांदी होती. पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. त्या दिवसापासून पार पावसाळा लागेपर्यंत माझ्या बऱ्याचशा सकाळी त्या आंब्यासमोर गेल्या.

हे गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरट्याचा पत्ता जितक्या कमी जणांना ठाऊक तितकं बरं. आंब्याच्या समोरच्या अंगाला एका आजींची काजूची बाग आहे. तिथल्या गडग्याला टेकून बसलं की घरटं अडीचशे-तीनशे मीटरवर येतं. जवळ जाण्याचं कारण नाही आणि जाऊही नये. पहिल्या दिवशी आजींनी विचारलं, "गो बाय, आंबे पिकायला अजून सहा महिने आहेत, आत्तापासून काय टेहळणी करतेस?" मी वर बोट दाखवलं. "ती मोठी घार होय! मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे ती," त्या म्हणाल्या.

तेव्हाचीच जोडी आज असेल असं नाही, पण आजींचं म्हणणं खोटंही नाही. समुद्र गरुड तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतात. जोडीतला एक मेला तर उरलेला नवा जोडीदार मिळवतो आणि बिऱ्हाड तिथंच पुढे चालू राहतं. दर वर्षी काटक्यांचा एक नवा थर चढतो, त्यामुळे जुनं घरटं दीड मीटरपर्यंत रुंद आणि चांगलंच खोल होतं. लांबून आंब्याच्या बेचक्यात कुणी सरपणाचा भारा ठेवून दिलाय असं वाटावं.

हा पक्षी ओळखायला अवघड नाही. डोकं, मान, पोट पांढरंशुभ्र, पाठ आणि पंख राखाडी, शेपटी आखूड, पाचरीसारखी. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतात आणि तरंगताना ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले असतात. नर-मादीचा रंग एकच, मात्र मादी नराहून मोठी. आमच्या नराच्या डाव्या पंखातलं एक पीस गळालेलं होतं, ही खूण मला दोन महिने पुरली.

खाडीत आणखी एक मासेमार असतो, तो म्हणजे ऑस्प्रे. थंडीत येणारा पाहुणा. डोळ्यावरून मागे गेलेली काळी पट्टी आणि वरून तपकिरी अंग. खाडीतल्या जाळ्यांच्या खांबावर तो तासन्‌तास बसून असतो. गोव्यात ऑस्प्रेचं घरटं कुठे बघायला मिळेल, असं मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. इथं नाही मिळणार. तो इथं खायला येतो, संसार उत्तरेकडे थाटतो. ऑस्प्रेचे नर-मादी हिवाळा वेगवेगळ्या ठिकाणी काढतात आणि वसंतात जुन्या घरट्यावर पुन्हा भेटतात. समुद्र गरुडाची जोडी मात्र बारा महिने आपल्या हद्दीत एकत्र असते. दोघांचं मुख्य खाणं मासेच, पण शिकारीची तऱ्हा निराळी. ऑस्प्रे पाय पुढे करून सरळ पाण्यात घुसतो, कधी कधी पूर्ण बुडतो. त्यासाठी त्याच्या नाकपुड्या मिटतात आणि बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणजे दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी मासळीची पकड घट्ट होते. समुद्र गरुड अंग फारसं भिजवत नाही. पाण्यालगत तिरका येतो आणि वरच्या थरातला मासा उचलून नेतो.

दिवाळीपर्यंत डागडुजी चालली. काटक्या नर आणायचा, मांडणी बहुतेक मादीची. एखादी फांदी तिच्या मनास येईना तर ती चोचीत धरून तीन-तीन वेळा फिरवायची. आतल्या खळग्यात हिरव्या पानांचं अंथरूण घातलं. ही पानं पुढेही बदलली जातात. कीटक दूर राहावेत, ओलावा टिकावा, घरटं राबतं आहे हे दुसऱ्या जोड्यांना कळावं, अशी बरीच कारणं अभ्यासक सुचवतात. त्या दिवसांत दोघं उंच आभाळात गिरक्या घेत आणि हंसासारख्या घोगऱ्या आवाजात एकमेकांना साद घालत. एकदा पायात पाय अडकवून दोघं चक्रासारखी फिरत खाली आली आणि माडांच्या शेंड्यांवर सुटली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मादी बसली ती बसलीच. अंडी मला कधीच दिसली नाहीत, एवढ्या लांबून ती दिसणारही नाहीत. पण तिच्या वागण्यावरून सगळं कळत होतं. घरट्यात उतरली की ती पायाची बोटं मिटून मुठीवर चालल्यासारखी चालायची, नखं अंड्याला लागू नयेत म्हणून. मग पोटाखालची पिसं बाजूला सारत, अंग डावीकडे-उजवीकडे हलवत हळूच बसायची. पोटावरचा एक भाग या दिवसांत उघडा पडतो आणि तिथं रक्तपुरवठा वाढतो. उघड्या कातडीची ऊब अंड्याला थेट मिळते. अधूनमधून उठून ती चोचीने अंडी फिरवत असे. नर दिवसातून एक-दोनदा तिची जागा घ्यायचा, पण मोठा वाटा तिचाच.

आता या सगळ्या हंगामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. समुद्र गरुड बहुतेक वेळा दोन अंडी घालतो, पण दोन्ही पिल्लं उडताना क्वचित दिसतात. असं का?

घरची कोंबडी डोळ्यांसमोर आणा. ती रोज एक अंडं घालते, पण त्यावर लगेच बसत नाही. संख्या पुरी झाली की खुडूक होते. सगळ्या अंड्यांना ऊब एकाच वेळी लागते, म्हणून एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं जवळपास एकदम बाहेर येतात. गरुड तसं करत नाही. पहिलं अंडं घातलं की मादी त्याच दिवसापासून बसते. दुसरं अंडं काही दिवसांनी येतं, तोवर पहिल्यातला गर्भ वाढू लागलेला असतो. सहा आठवड्यांनी पहिलं पिल्लू फुटतं, दुसरं मागाहून. आणि पिल्लाचं वजन दिवसागणिक वाढणाऱ्या त्या वयात तीन-चार दिवसांचा फरक म्हणजे थोरल्याला धाकटा भारी पडण्याची आशाच नाही.

५ जानेवारीला मादी पहिल्यांदा घरट्यात चोच घालून काही भरवताना दिसली. ९ जानेवारीला आंब्याच्या मोहराआडून एक नव्हे, दोन पांढरी डोकी डुलली. मी आजींना सांगायला धावत गेले.

त्यानंतरचे दोन आठवडे मी वहीत जे लिहिलं ते पुन्हा वाचवत नाही. नर टोळ मासा घेऊन यायचा. मादी तो पायाखाली दाबून धरायची, नखाएवढा तुकडा तोडायची, मान वाकडी करून चोचीचं टोक पिल्लापुढे न्यायची. इतकी मोठी, मासा फाडणारी चोच, आणि त्यातून कापसाच्या बोळ्याएवढ्या जिवाला घास. पण घास जायचा तो ज्याची मान उंच त्याला. धाकट्याने डोकं वर काढलं की थोरला त्याच्या मानेवर टोचायचा. धाकटा खाली दबायचा, थोरल्याचं पोट भरेपर्यंत तसाच राहायचा. आई मध्ये पडत नाही. मला राग यायचा, हे कबूल करते. २४ तारखेनंतर घरट्यात एकच डोकं दिसलं.

हा आईचा निष्काळजीपणा नव्हे. दुसरं अंडं म्हणजे एक प्रकारचा विमा. पहिलं अंडं वांझ निघालं, सापाने किंवा कावळ्याने नेलं, पहिलं पिल्लू आजारी पडलं, तर वर्ष फुकट जात नाही. मासळी अमाप असेल तर थोरल्याचं पोट लवकर भरतं, टोचणं कमी होतं आणि दोन्ही जगूही शकतात. पण मासळी बेताची असेल आणि दोन्ही पिल्लं सारख्याच ताकदीची असतील, तर घास निम्मा-निम्मा होऊन दोन्ही अशक्त राहतील. अशा अशक्त पिल्लांचा पहिल्या पावसाळ्यात निभाव लागणं कठीण. पहिल्या अंड्यापासूनच बसल्यामुळे ही बरोबरी होतच नाही. कुणाला घालायचं, कुणाला नाही, हे आई ठरवत नाही. ते खाडीतल्या माशांवर ठरतं.

म्हणूनच मला वाटतं की घरट्याकडे बघणाऱ्याने निम्मा वेळ खाडीकडे बघावं. शेवटे, टोळ असे मासे, रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून, टाकून दिलेला समुद्री साप, एकदा एक वंचक बगळा, असं सगळं त्या आंब्यावर गेलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी खांबावरचा ऑस्प्रे चांगला मोठा शेवटा घेऊन उठला. माशाचं तोंड पुढे, वाऱ्याला आडवं येऊ नये म्हणून तो नेहमी तसाच धरतो. आमचा नर वरून आला. दोन-तीन वळणं घेऊन ऑस्प्रेने मासा सोडला आणि नराने तो पाण्याला लागायच्या आत झेलला. पाहुण्याची कमाई पिल्लाच्या पोटात गेली.

मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांच्या पोटात पाण्यातलं विषही साठत जातं, हे जगाला कळलं ते ऑस्प्रेसारख्या पक्ष्यांमुळेच. अमेरिकेत शेतावर फवारलेलं डीडीटी माशांतून त्यांच्या अंगात गेलं आणि अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवताना आईच्याच वजनाने फुटू लागली. १९७२ मध्ये तिथं डीडीटीवर बंदी आली आणि पुढे ऑस्प्रेंची संख्या सावरली.

आमच्या जोडीवर संकट आलं ते वेगळंच. डिसेंबरमध्ये, अंडी उबवत असताना, एका लग्नाच्या चित्रीकरणाचा ड्रोन घरट्यावर येऊन थांबला. मादी उठली, ड्रोनच्या दिशेने झेपावली आणि पाऊण तास परतली नाही. सकाळचे साडेदहा, ऊन अंड्यांवर. पक्ष्याचा गर्भ थोडी थंडी सोसतो, पण जास्त ताप त्याला सोसवत नाही. नर येऊन बसला म्हणून निभावलं. हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, १९७२ च्या, पहिल्या अनुसूचीत आहे. ड्रोन उडवणाऱ्या मुलांना मी भेटले, ती खजील झाली. त्यांना वर घरटं आहे हेच माहीत नव्हतं.

मार्चमध्ये पिल्लू आईएवढं दिसू लागलं, फक्त तपकिरी. पांढरा-राखाडी वेष यायला चार-पाच वर्षं लागतात. दुपारच्या उन्हात मादी पंख अर्धवट उघडून त्याच्यावर सावली धरायची. मग ते घरट्याच्या काठावर उभं राहून पंख मारू लागलं, मग फांदीवर उतरलं. समुद्र गरुडाचं पिल्लू साधारण ७० ते ८० दिवसांत उडतं. आमचं ७६ व्या दिवशी उडालं. खाली गावात शिगम्याचे ढोल वाजत होते. ते आंब्यावरून सुटलं, एका माडाच्या झावळीवर कसंबसं टेकलं, झावळी वाकली, आणि अर्धा तास ते तिथंच झुलत राहिलं.

मे महिन्यात आंबे उतरवायला माणसं चढली, तेव्हा आजींनी घरट्याची फांदी सोडून द्यायला लावली. मी झाडाखाली वाकून पाहिलं. टोळ माशाचा लांब जबडा, खेकड्याचा आकडा, समुद्री सापाच्या मणक्यांची माळ. होतं तिथंच ठेवलं.

आता जून आहे. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, खाडी गढूळ. पिल्लू अजून आईबापांच्या मागे मागे असतं, घास मागतं, आणि मिळाला नाही की स्वतः पाण्यावर झेप घेतं. आज सकाळी चार झेपा, चारही रिकाम्या. खांबावर ऑस्प्रेही बसला होता. मोठे ऑस्प्रे एप्रिलपर्यंत उत्तरेला निघून जातात, पण पहिल्या हिवाळ्यात इथं आलेलं पोर त्या वर्षी परतत नाही, पुढचा हिवाळा पार पडेपर्यंत इकडेच राहतं. म्हणजे हे बहुधा गेल्या उन्हाळ्यात कुठल्या तरी लांबच्या तळ्याकाठी जन्मलेलं. ते पाण्यात घुसलं, पंख झाडत वर आलं, पाय रिकामेच. समोरच्या सुरूच्या फांदीवरून आंब्यावरचं पोर त्याच्याकडे मान वळवून बघत होतं.